टीका नाही

व्हर्लिन स्कोगस्टाडकडे लोण्याला नावं ठेवण्याचा परवाना होता. थट्टा नाही, खरोखरचा परवाना. त्यावर विस्कॉन्सिन सरकारचा शिक्का होता, त्याची मुदत संपायची, नूतनीकरण व्हायचं, आणि तो पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्सच्या पुढे असायचा. एकदा रस्त्यात पोलिसाने अडवलं तेव्हा व्हर्लिनने चुकून हाच पुढे केला. पोलिसाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "लोणी जास्त वेगाने चालवत होतात का?"

लिंडन प्रेरीच्या सहकारी क्रीमरीत, म्हणजे लोण्याच्या कारखान्यात, चव्वेचाळीस वर्षं त्याचं हेच काम. पन्हळीसारखी पोलादी सळई लोण्यात खुपसायची, अर्धा फेरा देऊन बाहेर काढायची, तिच्यावर आलेली लोण्याची कांडी आधी नाकाखालून न्यायची, मग डोळ्यांसमोर धरायची, मग तिचा एक कण जिभेवर. वितळू द्यायचा, थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि कार्ड भरायचं. कार्डावर चार ओळी: चव, अंग म्हणजे पोत, रंग, मीठ. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आणि रकान्यांच्या डोक्यावर एकच शब्द छापलेला. टीका.

बाहेरच्या जगात टीका म्हटलं की माणसं बाह्या सरसावतात. क्रीमरीत तसं नव्हतं. तिथे टीका म्हणजे नुसती नोंद. ‘धातूची’, ‘चाऱ्याची’, ‘जुन्या सायीची’, आणि तिच्यापुढे मात्रा: किंचित, स्पष्ट, ठळक. ‘रानलसूण, किंचित’ असं लिहिलं तर त्याचा अर्थ एवढाच, की कोणाची तरी गाय ओढ्याकाठी चरून आली. गाईने रागवायचं कारण नाही, गाईच्या मालकानेही नाही. आणि ज्या लोण्यात काहीच सापडत नाही त्याला काय म्हणायचं? ‘उत्तम’ नाही, ‘छान’ नाही. हे शब्द कार्डावर नव्हतेच. त्याला म्हणायचं ‘टीका नाही’. याच्या वर पदवी नाही. चव्वेचाळीस वर्षं लोण्यात हात घालून बसलेल्या या माणसाने कोणाला लोणी म्हणून लावलं नाही.

पण गाव पडलं लिंडन प्रेरी. इथे कोणी कोणाला तोंडावर काही म्हणत नाही. एखाद्या बाईचे नवे पडदे पाहवत नसतील तर म्हणायचं, "वेगळेच आहेत हं." पाद्र्याचं प्रवचन रटाळ झालं तर, "आज बरंच सांगितलंत." एवढ्यावर ती बाई पडदे बदलते आणि पाद्री दुसरं चर्च शोधायला लागतो. अशा गावात एक माणूस रोज सकाळी आठ ते चार टीका करतो आणि त्याचा पगार घेतो, याचं लोकांना भारी कौतुक होतं. चर्चच्या तळघरात जेवणावळ असली की व्हर्लिन ताट घेऊन रांगेत यायचा आणि बायका आपापल्या भांड्यामागून हळूच सरकून दुसऱ्याच्या भांड्यामागे उभ्या राहायच्या.

त्याची बायको आर्डिस. लग्नाला तीन आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. तिने रविवारी डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर दाट रस्सा केला. व्हर्लिनने एक चमचा घेतला, तोंडात फिरवला, आणि सवयीने म्हणाला, "करपलेला. किंचित."

आर्डिस उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासता घासता रडली. व्हर्लिन दारात उभा राहिला. त्याला कळेना. ‘किंचित’ म्हणालो होतो की! ‘स्पष्ट’ही नाही!

त्या दिवसापासून एक्केचाळीस वर्षं त्या घरात प्रत्येक जेवणानंतर एकच वाक्य झालं. "टीका नाही." मार्नी, त्यांची मुलगी, लहानपणी समजायची की जेवण झाल्यावर म्हणायची ही प्रार्थनाच आहे.

एकदा आर्डिसने मुद्दाम बटाट्यात मीठ घातलं नाही.

"टीका नाही," व्हर्लिन म्हणाला.

"खोटं बोलतोस."

"नाही."

"अरे, मीठ नाहीये त्यात!"

"माहितेय."

"मग?"

"मीठ टेबलावर आहे," व्हर्लिन म्हणाला.

आर्डिस दर शुक्रवारी घरी लोणी काढायची. शेजारच्या गोठ्यातली साय, हाताने फिरवायचं काचेचं मंथनपात्र, आणि निळ्या काठाच्या मातीच्या वाडग्यात गोळा. ऑगस्टच्या जिल्हा मेळ्यात घरगुती लोण्याची स्पर्धा असते, पण त्यात तिला भाग घेता यायचा नाही. परीक्षक व्हर्लिन, आणि नियम असा की ‘परीक्षकाच्या घरात राहणाऱ्या कोणालाही’ स्पर्धेत उतरता येणार नाही. मेळ्यातला दुग्धविभाग सांभाळणारी ल्यूएला ब्रेकी ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिला आर्डिस दर वर्षी म्हणायची, "एक तर नियम बदल, नाहीतर नवरा बदलून दे." ल्यूएला म्हणायची, "नियम बदलायला तीन सभा लागतात. नवऱ्याचं लवकर होईल."

आर्डिस मार्चमध्ये गेली. पोटातलं दुखणं होतं, नोव्हेंबरपासून माहीत होतं.

दफन झालं. चर्चच्या तळघरात हॅमचे पाव झाले, कॉफी झाली. पुढच्या आठवड्यात घरी अकरा हॉटडिश आल्या. खिमा, बटाटे, वरून डब्यातलं सूप ओतून भट्टीत भाजलेल्या, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. व्हर्लिन त्या ओळीने खात गेला. भांडी घासून परत देत गेला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "टीका नाही." लोक आपसात म्हणाले, धीराचा आहे. तो काही धीराचा नव्हता. त्याला काही होतच नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याला सगळं अंगभर वाटत होतं. सकाळी उठायचं, बर्फ ढकलायचं, टपाल आणायचं. बर्फ संपलं तेव्हा गवत कापायचं.

सातवी हॉटडिश खाताना त्याच्या लक्षात आलं, की पहिल्या सहा आणि ही यात काही फरक नाही. त्याने मीठ घातलं. आणखी घातलं. मग मिठाचे दाणे नुसतेच जिभेवर ठेवले. वाळू. त्याने फडताळातून व्हिनेगरची बाटली काढून हुंगली. पाणी.

डॉक्टरने नाकात, घशात दिवा मारून पाहिलं. "होतं असं कधीकधी. येईलही परत. वाट पाहू."

वाट पाहायला व्हर्लिनची हरकत नव्हती. पण त्याने हे कोणालाच सांगितलं नाही. क्रीमरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बायको गेली. आता व्हर्लिन स्कोगस्टाड म्हणून जे काही उरलं होतं ते म्हणजे पाकिटातला तो परवाना आणि ऑगस्टमधली एक सकाळ. जीभ मेली हे एकदा बाहेर पडलं, की तो म्हणजे हॉटडिशची भांडी परत करणारा एक उंच म्हातारा, बस.

दर रविवारी मार्नीचा मॅडिसनहून फोन यायचा.

"डॅड, कसा आहेस?"

"टीका नाही."

"जेवतोस ना नीट?"

"जेवतो."

"डॅड, खरं सांग."

"गवत फार वाढलंय," व्हर्लिन सांगायचा.

ऑगस्ट आला. ल्यूएलाचा फोन आला, "बुधवारी, नऊ वाजता. येतोयस ना?" तिच्या आवाजात एक बारीकशी फट होती. त्यातून व्हर्लिनला सहज बाहेर पडता आलं असतं. तो म्हणाला, "सळई घासून ठेवलीय."

मेळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबलावर लोण्याचे नऊ ठोकळे मांडलेले. नावं नाहीत, नुसते नंबर. नावांची पाकिटं ल्यूएलाच्या डब्यात बंद. पलीकडे डुकरांची शर्यत चालली होती आणि भोंग्यावरून कोणीतरी हरवलेल्या टोपीचं वर्णन करत होतं.

व्हर्लिनने सळई खुपसली, फिरवली, काढली. नाकाखालून नेली. काही नाही. डोळ्यांसमोर धरली. जिभेवर कण ठेवला. मेण. थुंकला. पण हात सगळं बरोबर करत होते, आणि लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. आणि लिहायचं काय, तर तीस वर्षांत त्याला हे सगळे ठोकळे पाठ झाले होते. नंबर तीनवर गव्हाच्या ओंबीचा छाप, म्हणजे क्लेटस शॅलर. क्लेटसच्या गाई दर वर्षी ओढ्याकाठी जातात. व्हर्लिनने लिहिलं, ‘रानलसूण, किंचित’. नंबर पाच फिकट, कडा चेपलेल्या, म्हणजे लिंडक्विस्ट बहिणी, मिठाचा हात सैल. ‘खारट, स्पष्ट’. असं आठ कार्डांचं झालं. माणूस हजेरी घेतो तसं.

अडलं नंबर सातपाशी. साधा चौकोनी ठोकळा. छाप नाही, नक्षी नाही. हे कोणाचं? त्याने सळई घातली. हुंगलं. जिभेवर ठेवलं, जरा जास्त वेळ ठेवलं. काही नाही, आणि आठवायलाही काही नाही. इथे पाठ केलेलं उत्तर नव्हतं. तो कार्डावर पेन्सिल धरून उभा राहिला. शेवटी ते कार्ड तसंच ठेवून, कॉफी घेऊन येतो आणि मग पाहतो, असं मनाशी म्हणत बाहेर पडला. कॉफीची रांग मोठी होती. पुढचा माणूस मक्याच्या भावाबद्दल बोलत होता. व्हर्लिन ऐकत राहिला.

तो परत आला तेव्हा ल्यूएलाने कार्डं गोळा करून बेरीज केली होती. आणि लोण्याच्या कार्डावर कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच असतो, तळाशी बारीक अक्षरांत छापलेलाच असतो: जिथे टीका नाही तिथे काही लिहू नये. चारही रकाने कोरे. शंभरपैकी शंभर. मेळ्याच्या इतिहासात कोणाला मिळाले नव्हते. नंबर सातवर निळी फीत लागली होती. टेबलाभोवती बायका जमल्या होत्या.

"व्हर्लिन," ल्यूएला म्हणाली. तिच्या हातात उघडलेलं पाकीट होतं. "आर्डिसचं आहे ते."

लिंडक्विस्ट बहिणींपैकी धाकटी रडायला लागली. क्लेटस शॅलरने टोपी काढली. कोणीतरी व्हर्लिनच्या पाठीवर हात ठेवला. व्हर्लिनला पाठीवर हाताचं वजन कळलं, बाकी काही नाही. पत्र्याचं छत तापून टिकटिक करत होतं. तो ठोकळ्याकडे बघत राहिला. एक्केचाळीस वर्षं रोज खाल्लेलं लोणी. वाडग्यात असतं तर डोळ्यांनी ओळखलं असतं. जीभ असती तर नखाएवढ्या कणावर ओळखलं असतं.

माणसं पांगल्यावर ल्यूएलाने त्याला खुर्ची दिली.

"फेब्रुवारीत दिलं तिने माझ्याकडे. माझ्या साच्यात घातलं, म्हणजे तुला ओळखू येऊ नये. मी म्हटलं, आर्डिस, नियम आहे. तर म्हणते, नियम नीट वाच. ‘परीक्षकाच्या घरात राहणाऱ्या’ असं लिहिलंय. ऑगस्टमध्ये मी कुठे त्याच्या घरात राहणार आहे?" ल्यूएला हसली आणि नाक पुसलं. "अशी हसली तुला सांगते, की ऑपरेशनचे टाके दुखायला लागले तिचे."

"फीत हवी होती तिला?" व्हर्लिनने विचारलं.

"फितीचं काय घेऊन बसलास! कार्ड हवं होतं. म्हणाली, एक्केचाळीस वर्षं हा माणूस मला ‘टीका नाही’ म्हणतोय. क्लेटसच्या लोण्याबद्दल तो रात्रीच्या जेवणभर बोलतो, लसूण आली कुठून, गाय गेली कुठून. माझ्या लोण्याबद्दल कधी एक शब्द नाही. एकदा त्याला माहीत नसताना, इतरांना लिहितो तसं मला लिहून पाहिजे." ल्यूएलाने सातवं कार्ड वर काढलं. "आणि बघ, खरंच टीका नव्हती की रे. चार रकाने कोरे."

व्हर्लिनने हात पुढे केला. "ते कार्ड दे."

"आता कशाला? लागली ना फीत."

"दे, ल्यूएला."

तिने दिलं. त्याने ते गुडघ्यावर ठेवलं.

"हे कोरं नाहीये. हे राहिलंय. मला चव येत नाही. मार्चपासून. वासही नाही. बाकीची आठ मी आठवणीने लिहिली."

त्याला वाटलं होतं, आता शेड कोसळेल. ल्यूएला काही वेळ डब्याचं झाकण लावत-काढत राहिली.

"माहितेय," ती म्हणाली.

"काय माहितेय?"

"जूनमध्ये चर्चच्या कॉफीत घातलेलं दूध फाटलं होतं. आम्ही सगळ्यांनी सिंकमध्ये ओतली. तू दोन कप प्यालास आणि म्हणालास, टीका नाही."

"सगळ्यांना माहितेय?"

"हो तर. क्लेटसलाही."

"मग बोललं का नाही कोणी?"

ल्यूएलाला प्रश्नच कळला नाही. "असं कसं बोलायचं? आम्ही आपलं म्हणालो, व्हर्लिन हल्ली जरा वेगळाच आहे."

व्हर्लिनने मान हलवली. मग खिशातून पेन्सिल काढली. "क्लेटसची लसूण खोडायला पाहिजे."

"पाहिजेच. ओढ्याकाठचं कुरण त्याने गेल्या मेळ्यानंतरच विकलं."

"म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला लसूण नव्हती, आणि मी दिली."

"तो काही बोलणार नाही," ल्यूएला म्हणाली.

"मग तू बोल. माझी जीभ बंद आहे, तुझी चालू आहे. मी बघतो, तू चाखून सांग. नऊच्या नऊ, पहिल्यापासून."

"मी?" ल्यूएला दोन पावलं मागे सरली. सत्त्याहत्तर वर्षांत तिने कोणाच्या चहालासुद्धा कोमट म्हटलं नव्हतं. पण व्हर्लिनने सळई पुसून पुढे धरली. पहिल्याला ती म्हणाली, "गोड आहे बिचारं." व्हर्लिन म्हणाला, "‘बिचारं’ कार्डावर नाही." तिसऱ्याला, क्लेटसच्या, तिने डोळे मिटून बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "काहीच नाही रे. नुसतं लोणी." व्हर्लिनने चवीच्या ओळीतली लसूण खोडली आणि पुढे काही लिहिलं नाही. पाचव्यापर्यंत तिचा आवाज जरा मोकळा झाला होता. "या पोरींना मिठाच्या बरणीला कुलूप लावायला सांग."

नंबर सात आलं.

व्हर्लिनने सळई सावकाश घातली, अर्धा फेरा, आणि उजेडाकडे वळून वर धरली. सकाळी त्याने नाका-जिभेच्या नादात नीट पाहिलंच नव्हतं. कांडीवर पाण्याचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब उभे होते. त्याने बोटाने दाबून पाहिलं. पाणी पुरतं मळून काढलेलं नव्हतं. फेब्रुवारीत तिच्या हातात तेवढं बळ उरलेलं नसणार. तो थेंबांकडे बघत राहिला. मग लिहिलं: अंग, पाझरतं, किंचित.

"आता तू."

ल्यूएलाने कण जिभेवर ठेवला. तिचा चेहरा बदलला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"छान आहे."

"ल्यूएला."

"वेगळंच आहे."

"ल्यूएला, तिने माझ्याकडे कार्ड मागितलंय."

"मासा," ल्यूएला कशीबशी म्हणाली. "आमच्या ऑर्विलने धरलेल्या वॉलाय माशांचा वास आहे त्याला. माझ्या फ्रीझरमध्ये बाजूला अठरा पाउंड वॉलाय होते! अरे देवा. सहा महिने मी तिचं लोणी माशांत ठेवलं. ते नको लिहूस, व्हर्लिन. ती माझी चूक आहे, तिची नाही."

"चूक कोणाची याला कार्डावर रकाना नाही. किंचित का स्पष्ट?"

ल्यूएलाने पुन्हा चाखलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती इमानाने चघळत होती. "स्पष्ट," ती म्हणाली.

व्हर्लिनने लिहिलं: चव, साठवणीची, मासा, स्पष्ट. रंगाच्या ओळीपाशी त्याने ठोकळा चारही बाजूंनी फिरवून पाहिला. रंगाला टीका नव्हती. मीठ ल्यूएलाने सांगितलं, बरोबर आहे. बेरीज पंच्याऐंशी झाली. नंबर सातला चौथा क्रमांक मिळाला, आणि चौथ्याला मेळ्यात फीत नसते. निळी फीत ल्यूएलाने काढली आणि क्लेटस शॅलरच्या ओंबीवर लावली. क्लेटस लांब उभा राहून बघत होता. त्याने नुसती मान हलवली, आणि डुकरांची शर्यत बघायला निघून गेला.

"आर्डिसने मला जिवंत ठेवलं नसतं," ल्यूएला म्हणाली. "मासा!"

"मला विचारलं असतं तिने, पाझरतं म्हणजे किती," व्हर्लिन म्हणाला. "जेवणभर विचारलं असतं."

संध्याकाळी तो घरी आला. कार्ड त्याने फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लावलं, दाताच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी. बुधवार होता, तरी त्याने फोन उचलला.

"डॅड? काय झालं?" मार्नी घाबरून म्हणाली. "आज रविवार नाहीये."

"काही नाही. मेळा झाला."

"कसा आहेस तू?"

व्हर्लिन फ्रीजच्या दाराकडे बघत होता. जिभेच्या टोकावर ते वाक्य तयारच होतं. त्याने ते गिळलं.

"चव गेलीय," तो म्हणाला. "मार्चपासून. वासही. स्पष्ट नाही, ठळक."

मग मार्नी म्हणाली, "शनिवारी येते मी."

"ये. तुझ्या आईने लोणी ठेवलंय."

फोन ठेवून त्याने पाव कापला. नंबर सातचा उरलेला ठोकळा निळ्या काठाच्या वाडग्यात काढून ठेवला होता, त्यातलं सुरीवर घेतलं, पावाला कडेपर्यंत लावलं आणि आपल्या खुर्चीत बसून खाल्लं. तोंडात काहीच कळलं नाही. मासा नाही, मीठ नाही. त्याने दुसरा तुकडा कापला, आणि मार्नीसाठी किती उरतंय ते बघून, त्यालाही लावलं.